आईची बोटं आणि रक्ताचे आकडे

गेल्या दीड वर्षात आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोलला गेलेला शब्द कोणता असेल, तर तो 'नॉर्मल'. रिपोर्ट नॉर्मल आला. सीआरपी नॉर्मल आहे. या वयात हे नॉर्मल असतं. मी इंग्रजी घेऊन बीए केलं, आता कंटेंट रायटर आहे, म्हणजे दिवसभर शब्दच निवडते आणि पाखडते. पण एका शब्दाचे एका घरात इतके अर्थ मी कधी ऐकले नव्हते. बाबांसाठी नॉर्मल म्हणजे खर्च संपला. मामासाठी नॉर्मल म्हणजे गोळ्या बंद. आजीसाठी देवाची कृपा. आणि जिची बोटं सकाळी नऊपर्यंत मिटत नव्हती त्या आईसाठी नॉर्मल म्हणजे, "मग माझं दुखणं आता सांगू कोणाला?"

आम्ही इंदूरचे मराठी, पणजोबांपासून इथलेच. आई ५२ वर्षांची आहे. गेली बावीस वर्षं ती घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. येणाऱ्या बायका तिला भाभी म्हणतात आणि लग्नसराईत रात्री दहालाही बेल वाजवतात. तिच्या बोटांवर आमचा अर्धा किराणा आणि माझ्या कॉलेजची पूर्ण फी निघाली आहे. त्यामुळे डिसेंबरातल्या एका सकाळी तिला मशीनची बॉबिन केस बसवता येईना, तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली. बोलली मात्र एवढंच, "थंडी आहे गं."

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. दुधाची पिशवी ती दातांनी फाडायला लागली. कुकरचं झाकण बाबांना लावायला सांगायची. अंगठी साबण लावूनही निघेना. दोन्ही हातांची तीच बोटं, दोन्ही मनगटं. सकाळी तासभर हात कोमट पाण्यात धरल्याशिवाय कप उचलता यायचा नाही, आणि दुपारपर्यंत मात्र बरंच सैल व्हायचं. साध्या सांधेझिजेत बहुतेक वेळा उलटं असतं. तिथे वापराने दुखणं वाढतं आणि सकाळचा ताठरपणा थोड्या मिनिटांत जातो. संधिवातात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्यात, आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावर चाल करून जाते. (हो, ब्लाउजसारखं सांध्यालाही अस्तर असतं. आईला हे फार आवडलं.) ते अस्तर सुजतं, आणि सूज तशीच राहिली तर शेजारचं हाड कुरतडलं जातं.

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. लॅबमध्ये त्याचं एक पॅकेजच मिळतं: आरए फॅक्टर, युरिक ॲसिड, एएसओ, ईएसआर. एएसओ ही घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गाची खूण, लहान मुलांच्या वातज्वरात कामाची. ५२ वर्षांच्या बाईच्या सुजलेल्या बोटांच्या पॅकेजमध्ये ती का बसवलेली असते, देव जाणे. आईचा आरए फॅक्टर निगेटिव्ह, युरिक ॲसिड नॉर्मल, ईएसआर ३४. डॉक्टर म्हणाले, फॅक्टर निगेटिव्ह आहे म्हणजे संधिवात नाही. ईएसआर वयामुळे थोडा वाढतो. मेनोपॉज आहे, कॅल्शियम घ्या. सोबत वेदनाशामक गोळी.

त्या गोळीने आईला दोन महिने बरं वाटलं. हेच तर धोकादायक आहे. वेदनाशामक गोळी दुखणं कमी करते, हाड कुरतडणं थांबवत नाही. आणि या आजारात पहिले काही महिने सोन्याचे असतात. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य औषध सुरू झालं, तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता बरीच चांगली असते. एकदा हाड झिजलं आणि बोट वाकडं झालं की ते औषधाने सरळ होत नाही.

आमचे ते दोन महिने एका गिऱ्हाइकामुळे संपले. ती बाई फिजिओथेरपिस्ट. माप देताना तिने आईला टेप धरताना पाहिलं आणि ब्लाउजचा गळा किती खोल हवा ते सांगायचं सोडून आईचा हातच हातात घेतला. "भाभी, ये घुटने-कमरवाला दर्द नहीं है. रुमॅटॉलॉजिस्ट को दिखाओ." तिनेच पत्ता दिला.

रुमॅटॉलॉजिस्ट मॅडमनी आमची फाइल घेतली आणि न उघडता बाजूला ठेवली. मला ते पटलं नाही. एवढे पैसे घालून केलेले रिपोर्ट! त्यांनी आधी आईचे दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगितले आणि एकेक सांधा अंगठ्याने दाबत गेल्या. बोटं जिथे तळहाताला जुळतात ते सांधे, मधली पेरं, मनगटं, कोपर, खांदे, गुडघे. दाबल्यावर दुखतो का, हे वेगळं मोजलं. सूज आहे का, हे वेगळं मोजलं. १२ सांधे दुखरे, ८ सुजलेले. मग फाइल उघडली आणि म्हणाल्या, "यात एक महत्त्वाची तपासणी केलेलीच नाही."

ती तपासणी म्हणजे अँटी-सीसीपी. तिचा निकाल आला पॉझिटिव्ह, तोही लॅबच्या मर्यादेच्या पाचपटीहून जास्त. लॅबच्या पायरीवर आईने मला विचारलं, "पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं ना गं?" मी दिवसभर शब्दांत राहते, पण त्या प्रश्नाला उत्तर देताना मला पाण्याची बाटली उघडून दोन घोट घ्यावे लागले.

पुढच्या काही महिन्यांत मॅडमना विचारून आणि वाचून मला जे समजलं, ते इथे लिहिते. आपल्या घराघरांतून या रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरत असतात आणि प्रत्येक नातेवाईक त्यातला लाल अक्षरातला आकडा वाचून निकाल देतो.

संधिवातात रक्ताच्या ज्या तपासण्या होतात, त्या दोन जातींच्या आहेत. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ही पहिली जात. या दोन्ही प्रतिपिंडं शोधतात, म्हणजे शरीराने आपल्याच घटकांविरुद्ध तयार केलेली शस्त्रं. ईएसआर आणि सीआरपी ही दुसरी जात. त्या शरीरात आत्ता किती दाह चालू आहे ते मोजतात. माझ्या डोक्यात याचं असं चित्र आहे: पहिली जात म्हणजे दारावरची पाटी आणि दुसरी म्हणजे घरातून येणारा आवाज. पाटी वाचून आत आज भांडण चालू आहे की शांतता, ते कळत नाही. आवाज ऐकून घर कोणाचं आहे, ते कळत नाही. म्हणून अँटी-सीसीपी एकदा कळल्यावर दर तीन महिन्यांनी करायची गरज नसते, आणि ईएसआर-सीआरपी मात्र पुन्हा पुन्हा होतात. मामाने सहा महिन्यांनी "ती महागडी टेस्ट परत करून बघा, उतरली असेल" असा आग्रह धरला होता. मॅडमनी हसून नकार दिला.

आता पाटीही नेहमी असतेच असं नाही. आरए फॅक्टर नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० मध्ये पहिल्यांदा नोंदवला. तो संधिवात असलेल्या सगळ्यांच्या रक्तात सापडत नाही, साधारण ७० ते ८० टक्के लोकांत सापडतो, आणि आजाराच्या सुरुवातीला त्याहूनही कमी. उलट काही धडधाकट म्हाताऱ्या माणसांत किंवा हिपॅटायटिस सी झालेल्यांत तो पॉझिटिव्ह निघतो. अँटी-सीसीपी त्या मानाने नेमकी. ती पॉझिटिव्ह असेल तर संधिवाताची शंका बरीच पक्की होते, काही जणांत तर ती सांधे दुखायच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असते. पण तीही निगेटिव्ह असून संधिवात असू शकतो.

याचा मला पटलेला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून ठरवलेली गुणपद्धत. एकूण १० गुण. किती आणि कोणते सांधे, याला जास्तीत जास्त ५. प्रतिपिंडांना ३. ईएसआर किंवा सीआरपी वाढलेला असेल तर १. सहा आठवडे किंवा जास्त काळ त्रास असेल तर १. सूज दुसऱ्या कशाने आली नाही ना, हे आधी बघायचं, आणि मग ६ किंवा जास्त गुण झाले की संधिवात. आता आईचं गणित मांडा. १२ सांधे, त्यात बोटांचे बारके सांधे, म्हणून ५. ईएसआर वाढलेला, १. दोन महिने होऊन गेलेले, १. झाले सात. एकही प्रतिपिंड नसतं तरी आई पास झाली असती. पहिल्या दवाखान्यात कोणी तिची बोटं दाबून पाहिली असती, तर फॅक्टर निगेटिव्ह असूनही पुढचा रस्ता दिसला असता.

ईएसआरची गोष्ट मला फार आवडते, कारण ती इतकी साधी आहे की आजीलाही समजली. रक्त न गोठेल अशी सोय करून ते एका उंच बारीक नळीत उभं ठेवायचं आणि एका तासात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. बस. आपण ताक ठेवलं की वर निवळ येते आणि खाली साका बसतो, तसंच. शरीरात दाह असला की यकृत फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं जास्त सोडतं. त्यामुळे लाल पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. पोलंडचे एडमुंड बिएर्नाट्स्की यांनी १८९७ मध्ये यावर लिहिलं. आजही रिपोर्टवर 'वेस्टरग्रेन' असं लिहिलेलं दिसतं, ते स्वीडनच्या आल्फ वेस्टरग्रेन यांचं नाव. त्यांची पद्धत १९२१ ची. शंभर वर्षांपूर्वीची नळी आजही आपल्या गल्लीतल्या लॅबमध्ये उभी असते.

पण या नळीला बऱ्याच गोष्टी फसवतात. वय वाढतं तसा ईएसआर वाढतो आणि बायकांचा पुरुषांपेक्षा थोडा जास्त असतो. एक ढोबळ हिशोब आहे: बायकांसाठी वयात १० मिळवून निम्मे करा, पुरुषांसाठी वयाच्या निम्मे. आईसाठी मर्यादा आली ३१. म्हणजे ३४ फार जास्त नव्हता, हे त्या पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं आकड्यापुरतं बरोबर होतं. दुसरी फसवणूक रक्त कमी असण्याची. हिमोग्लोबिन उतरलं की लाल पेशी कमी, गर्दी कमी, आणि त्या लवकर खाली बसतात. आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं, हे मी सांगायला नको.

सीआरपी त्या मानाने चपळ. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. तेही यकृतातच तयार होतं. दाह सुरू झाला की काही तासांत वाढायला लागतं, साधारण दोन दिवसांत शिखर गाठतं, आणि कारण संपलं की दर १९ तासांच्या आसपास निम्मं होत जातं. ईएसआर उतरायला आठवडे लागतात. म्हणून कधी कधी दोघं एकाच दिवशी वेगवेगळी साक्ष देतात. एक कालचं बोलतो, दुसरा मागच्या महिन्याचं.

ही वेगवेगळी साक्ष आमच्या घरात भांडण घेऊन आली.

औषध सुरू झालं होतं. मिथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकच दिवस. (हे मी ठळक अक्षरात फ्रिजवर लावलं आहे: फक्त रविवार. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.) सोबत फॉलिक ॲसिड, आणि रक्त व यकृताची नियमित तपासणी. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. सीआरपी ४, म्हणजे मर्यादेच्या आत. ईएसआर ३८. हिमोग्लोबिन ९.८. बाबांनी सीआरपी वाचला आणि सोडलेला श्वास आम्ही सगळ्यांनी ऐकला. मामा त्या रविवारी पोहे खायला आला होता. तो म्हणाला, "ताई, नॉर्मल आलं ना, मग सोड आता ती गोळी. गरम असते. केस बघ किती गळतायत तुझे." केस खरंच गळत होते. आईने माझ्याकडे पाहिलं. मामाला उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, मी फक्त म्हणाले, "मामा, तिला आधी बॉबिन केस बसवून दाखवू दे." आईने बसवली. अर्ध्या मिनिटाच्या कामाला चार मिनिटं लागली आणि शेवटी ओठ दाताखाली धरून तिने ती आत ढकलली. मामा काही बोलला नाही. पोह्यांवर शेव घालत राहिला.

मॅडमकडे गेल्यावर कळलं की बऱ्याच रुग्णांत सांधे सुजलेले असूनही ईएसआर आणि सीआरपी मर्यादेत असतात. मनगटाच्या एवढ्याशा अस्तरात चाललेली लढाई दर वेळी यकृतापर्यंत पोहोचेलच असं नाही. आईची अजून ४ सांध्यांत सूज होती, ५ दुखत होते. ईएसआर मात्र निम्मा तरी कमी हिमोग्लोबिनमुळे वाढलेला असावा, असं मॅडमचं मत पडलं. म्हणजे नॉर्मल सीआरपी खोटा दिलासा देत होता, आणि वाढलेला ईएसआर खोटी भीती दाखवत होता. डोस वाढला, लोहाची गोळी सुरू झाली.

तेव्हाच मी डॅस-२८ हा शब्द पहिल्यांदा नीट समजून घेतला. नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात तयार झालेलं हे एक सूत्र आहे. २८ सांध्यांपैकी दुखरे किती, सुजलेले किती, ईएसआर किंवा सीआरपी किती, आणि चौथी गोष्ट म्हणजे रुग्णाला स्वतःला कसं वाटतंय. या चारांतून एक आकडा निघतो. २.६ पेक्षा कमी म्हणजे आजार शांत. ३.२ पर्यंत सौम्य. ५.१ पर्यंत मध्यम. त्यापुढे तीव्र. आई पहिल्या दिवशी ५.५ वर होती, तीन महिन्यांनी ४.६ वर. हे एका आकड्यात बसवायचं कारण असं, की आता उपचार 'बरं वाटतंय का' एवढ्यावर चालत नाहीत. शांत किंवा निदान सौम्य टप्पा हे लक्ष्य ठरवायचं, सुरुवातीला एक ते तीन महिन्यांनी मोजायचं, आणि लक्ष्य आलं नाही तर औषध बदलायचं.

त्या चौथ्या गोष्टीवर माझं लक्ष अडकलं. कागदावर १० सेंटिमीटरची एक आडवी रेघ असते. एका टोकाला 'अगदी छान', दुसऱ्या टोकाला 'अगदी वाईट'. रुग्णाने मध्ये कुठेतरी खूण करायची. शून्य ते १००. सुईच्या नाकातून रक्त काढावं लागत नाही, लॅब लागत नाही, पैसे लागत नाहीत. आणि आई दर वेळी तिथेच खोटं बोलत होती.

पहिल्या दिवशी, १२ सांधे दुखत असताना, तिने खूण केली २० वर. तीन महिन्यांनी १५ वर. मी विचारलं तर म्हणे, "काय रडत बसायचं डॉक्टरांसमोर? बाहेर केवढे लोक बसलेत, माझ्याहून वाईट." तुमच्याही घरात अशी एक बाई असेलच. ताप १०२ असताना 'जरा कसर आहे' म्हणणारी. मॅडम म्हणाल्या की त्या हे रोज बघतात. काही लोक वाढवून सांगतात, पण आपल्याकडच्या आया-आज्या कमी करून सांगतात, आणि सूत्राला ते कळत नाही. मी घरी येऊन हिशोब करून पाहिला. त्या रेघेवर २० ऐवजी ७० लिहिलं की डॅस-२८ मध्ये ०.७ ची भर पडते. ईएसआर दुप्पट झाला तर साधारण ०.५ ची पडते. म्हणजे आईचं 'बरंय हो' हे ईएसआर निम्म्याने खोटा लिहिण्याहून मोठं खोटं आहे. हे मी तिला सांगितलं. तिने मला भाजी निवडायला बसवलं.

ऑगस्टमध्ये उलटा प्रकार झाला. सीआरपी एकदम ४६. बाबा रिपोर्ट हातात घेऊन खुर्चीतच बसले. पण आईची बोटं त्या आठवड्यात बरी होती, मी पाहत होते, तिने दोन अस्तराचे ब्लाउज पूर्ण केले होते. तिला लघवीला जळजळ होत होती आणि थंडी वाजत होती. लघवीचा संसर्ग निघाला. अँटिबायोटिक झालं, दहा दिवसांनी सीआरपी ५. आवाज आला होता, पण शेजारच्या घरातून. अशा औषधांवर असताना संसर्ग झाला तर डॉक्टरांना लगेच कळवायचं असतं, आणि संधिवाताच्या नेहमीच्या तपासणीसाठी सर्दी-तापाच्या दिवसांत रक्त दिलं तर आकड्याचा अर्थ लागत नाही.

अजून दोन बारीक गोष्टी, ज्यांनी आमची झोप उडवली होती. लॅब बदलली की सीआरपीचं एककही बदलू शकतं. एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देते, दुसरी प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोन्हींत दहापट फरक असतो. ०.६ आणि ६ हे एकच. आम्ही आता एकच लॅब धरली आहे. आणि पॅकेजच्या जाहिरातीत 'एचएस-सीआरपी' दिसलं तर ते तेच प्रथिन, पण फार बारीक प्रमाणात मोजलेलं, मुख्यतः हृदयविकाराच्या जोखमीसाठी. संधिवाताला साधा सीआरपी पुरतो.

अमेरिकेत रक्तातली १२ प्रथिनं एकत्र मोजून १ ते १०० असा आकडा देणारी चाचणीही आहे, असं मी बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे चमकले. बाबा बँकेतून रिटायर झालेत, त्यांना एकच आकडा, एकच शिल्लक आवडते. पण ती चाचणी निघाली तरी तिथले डॉक्टर अंगठ्याने सांधे दाबायचं सोडत नाहीत.

मागच्या महिन्याची गोष्ट. जाण्याच्या आदल्या रात्री मी आईला म्हटलं, उद्या त्या रेघेवर खूण करताना एवढंच कर: मागच्या आठवड्यात कोणतं काम तू सोडून दिलंस, ते आठव. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मशीनचं पायडल. डाव्या पायाने मारता येत नाही हल्ली. मोटर लावलीय म्हणून चालतंय."

दुसऱ्या दिवशी तिने ४० वर खूण केली. मॅडमनी सांधे मोजले: दुखरा १, सुजलेला १. ईएसआर १८, सीआरपी ३. गणित आलं ३.४. तिने सवयीप्रमाणे १५ लिहिले असते तर आकडा ३.१ च्या खाली गेला असता, सौम्य टप्प्यात, आणि बहुधा आम्ही तीन महिन्यांची तारीख घेऊन घरी आलो असतो. मॅडम कागदाकडे बघत राहिल्या. "रक्त चांगलं आहे, हात चांगले आहेत. मग ४० का, काकू?"

त्या २८ सांध्यांमध्ये खांदे आहेत, कोपर आहेत, मनगटं, बोटं, गुडघे आहेत. घोटे आणि पावलं नाहीत. सूत्र सुटसुटीत ठेवण्यासाठी ती गाळलेली आहेत.

"चप्पल काढा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी डाव्या पायाची बोटं दोन्ही बाजूंनी मुठीत धरून हलकेच आवळली. आई, जी माझ्या जन्माच्या वेळीही ओरडली नव्हती असं आजी अभिमानाने सांगते, ती टेबलाची कड पकडून "अगं आई गं" म्हणाली. पायाची सोनोग्राफी झाली. तीन सांध्यांच्या अस्तरात सूज होती. औषधात बदल झाला आहे. पुढची तारीख सहा आठवड्यांनी आहे, आणि फाइलच्या पहिल्या पानावर मॅडमनी लाल पेनने लिहून ठेवलं आहे: पाय बघणे.